गोळीचं बूड

(दृश्य: शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर. लेथच्या चकमध्ये पितळी गज फिरतोय. टूल कडेपासून मध्याकडं सरकतं, गजाचं तोंड उजळत जातं.)

निवेदन:

टर्नरच्या हाताखाली नवा पोरगा आला की त्याला आधी फेसिंग शिकवतात. गजाचं तोंड अक्षाशी बरोबर काटकोनात आणायचं. तिथं चुकलं, की मग लांबी मोजा, भोक पाडा, आटे पाडा, सगळंच तिरकं. उद्यमनगरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता ह्या गजाच्या जागी रायफलची गोळी धरा. 6 मिलिमीटर व्यास, चार-साडेचार ग्रॅम वजन. हिचा नेम कशावर ठरतो असं विचारलं, तर बहुतेक जण टोकाकडं बोट दाखवतील. हवा कापतं ते टोकच ना! जाहिरातीतसुद्धा टोकच पुढं असतं, चकाचक. ह्या फिल्ममध्ये आपण दुसऱ्या बाजूनं बघणार आहोत. गोळीच्या बुडाकडनं.

(दृश्य: दुधाळीची शूटिंग रेंज. जाकिटांचे पट्टे आवळणारी मुलं-मुली.)

कोल्हापूरला नेमबाजी नवी नाही. 2010 मध्ये तेजस्विनी सावंत म्युनिकला 600 पैकी 597 गुण घेऊन 50 मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात, जगज्जेती झाली. 2018 च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतनं पिस्तुलात सोनं आणलं. आणि 1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये 451.4 गुणांवर कांस्य जिंकलं, तेव्हा फटाके किती वाजले हे इथल्या माणसाला सांगायला नको.

प्रत्येक पदकानंतर गावात चर्चा होते ती श्वासाची, मनाची, एकाग्रतेची. बरोबरच आहे. पण माणूस दगडासारखा स्थिर झाला, आणि गोळीच दर वेळी वेगळ्या वाटेनं गेली, तर?

हा प्रश्न एका खेळानं फार मनावर घेतला. त्याचं नाव बेंचरेस्ट.

(दृश्य: ग्राफिक. दणकट टेबल. रायफलचा पुढचा भाग स्टँडवर, मागचा वाळू भरलेल्या चामडी पिशवीवर.)

ह्यात रायफल खांद्यानं तोलायची नसतेच. ती टेबलावर, वाळूच्या पिशव्यांवर टेकवलेली. नेमबाजानं वारा वाचायचा आणि ट्रिगर दाबायचा. अंतर 100 किंवा 200 यार्ड. दहाचं वर्तुळ वगैरे भानगड नाही. पाच गोळ्या मारायच्या आणि एकमेकींपासून सर्वांत लांब पडलेल्या दोन छिद्रांच्या मध्यांमधलं अंतर मोजायचं. ज्याचं कमी, तो पुढं. अमेरिकेत ह्या खेळाची राष्ट्रीय संघटना 1951 पासून आहे.

1973 मध्ये मॅक मॅकमिलन नावाच्या नेमबाजानं 100 यार्डांवर पाच गोळ्यांचा जो गट मारला, त्याचं माप होतं 0.009 इंच. म्हणजे पाव मिलिमीटरच्याही आत. कागदावर छिद्र एकच, आणि त्यातून पाच गोळ्या गेल्यात हे सिद्ध करायची वेगळी सोय करावी लागते. तो विक्रम चाळीस वर्षं टिकला.

काही नेमबाज म्हणतात, ह्यात माणसाचं कौशल्य ते काय राहिलं? वारा वाचणं हे काही लहान कौशल्य नाही, पण तो वाद राहू द्या. माणसाचा थरथराट बाजूला काढला म्हणूनच गोळीचे दोष उघडे पडले, हा ह्या खेळाचा आपल्याला झालेला फायदा.

(दृश्य: जुन्या पद्धतीचं रेखाचित्र. काँक्रीटचा ठोकळा, त्यावर व्ही आकाराच्या खाचेत बॅरल.)

गोळीचे दोष शोधायचे प्रयोग बेंचरेस्टच्याही आधी एका डॉक्टरनं केले होते. फ्रँकलिन मान, मॅसॅच्युसेट्सचे. बॅरल काँक्रीटच्या ठोकळ्यावर बसवलं, म्हणजे हात हलला ही सबब संपली. मग गोळ्या मुद्दाम बिघडवायला सुरुवात केली. काहींची टोकं वाकडी केली, चेपली, कापली. काहींची बुडं एका बाजूनं तासली. सगळा हिशेब त्यांनी 1909 मध्ये छापून काढला. निष्कर्ष बऱ्याच लोकांना पचला नाही. टोक बिघडलेल्या गोळ्या त्या मानानं नीट गेल्या. बूड बिघडलेल्या भरकटल्या.

का? त्यासाठी बॅरलच्या तोंडाशी जावं लागतं.

(दृश्य: ॲनिमेशन. बॅरलच्या तोंडातून निघणारी गोळी, अगदी संथ. मागून उसळणारा वायू.)

गोळी बॅरलमध्ये असते तोवर चारी बाजूंनी धरलेली असते. तिचं टोक आधी बाहेर येतं, अंग येतं, आणि सगळ्यात शेवटी सुटतं ते बूड. त्या क्षणी मागचा तापलेला, दाबलेला वायू मोकळा होतो आणि गोळीपेक्षाही वेगानं तिला मागं टाकून पुढं धावतो. बूड काटकोनात असेल तर वायू सगळीकडून एकदम सुटतो. बूड तिरकं असेल, कड एका जागी चेपलेली असेल, तर तिथून आधी सुटतो, आणि गोळीला एका बाजूनं धक्का बसतो. केएमटीच्या बसमधून उतरताना पाठीत सरळ धक्का बसला तर माणूस दोन पावलं पुढं जातो. एकाच खांद्याला बसला तर गिरकी खाऊन भलतीकडं.

म्हणून बॅरलचं तोंडही तेवढंच महत्त्वाचं. त्याला क्राउन म्हणतात. क्राउनवर एका बाजूला बारीक चरा पडला तरी परिणाम तोच. बूड आणि क्राउन ही जोडी आहे. एक सुधारून दुसरं सोडून दिलं तर पैसे पाण्यात.

दुसरी गोष्ट वजनाची. बेंचरेस्टमध्ये 6 एमएम पीपीसी नावाचं काडतूस फार चालतं. 1975 मध्ये दोघांनी मिळून ते काढलं, लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल. एक सर्जन, दुसरा डायमेकर, म्हणजे साचे घडवणारा. त्याची गोळी सेकंदाला साधारण 975 मीटर वेगानं निघते आणि बॅरलमधला पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या वळत गेलेल्या खाचा, साधारण 14 इंचांना एक फेरा. हिशेब करा: सेकंदाला 2700 च्या वर फेरे. मिनिटाचे धरले तर दीड लाखाच्या पुढं.

आता समजा, गोळीचा वजनमध्य तिच्या अक्षापासून अडीच मायक्रॉन बाजूला आहे. केसाच्या जाडीचा पंचविसावा भाग म्हणा. बॅरलनं तिला जबरदस्तीनं मधोमध फिरवलेलं असतं. बाहेर पडताच ती जबरदस्ती संपते, आणि वजनमध्य ज्या दिशेला जात होता त्या दिशेला गोळी निसटते, सेकंदाला सुमारे 43 मिलिमीटर वेगानं. 100 यार्ड जायला तिला सेकंदाचा दहावा भाग लागतो. म्हणजे निशाणापासून चार मिलिमीटरच्या वर फरक. आणि प्रत्येक गोळी काडतुसात वेगळ्या बाजूनं बसलेली, त्यामुळं कुणी डावीकडं, कुणी खाली. ह्या खेळात पाच मिलिमीटरचा गट मारणारे रांगेत उभे असतात. तिथं चार मिलिमीटर म्हणजे घरी जायची तयारी.

(दृश्य: पुन्हा लेथ. डायल गेजची सुई बारीक हलतेय. पडद्यावर फक्त टर्नरचे हात.)

टर्नर: "अडीच मायक्रॉन व्हय? ह्या मशीनवर न्हाई धरायला यायचं. ग्राइंडिंगवर घ्यावं लागंल. आन तेबी एक न्हवं, हजार नग सारखं पायजेत म्हंता… मग डायच लागणार की वो."

निवेदन:

अगदी बरोबर ओळखलं. बेंचरेस्टच्या गोळ्या कार्बाइडच्या, म्हणजे फार कठीण अशा पदार्थाच्या, डायमध्ये दाबून करतात. तांब्याच्या मिश्रधातूची छोटी वाटी, तिच्यात शिसं, आणि हँडप्रेसचा एकेक दाब. आणि त्यांचं बूड बहुतेक वेळा सपाट असतं. साधं, नव्वद अंशांचं, काहीही कलाकुसर नसलेलं.

(दृश्य: दोन गोळ्यांचे मोठे केलेले छेद शेजारी शेजारी. एक सपाट बुडाची, एक मागं निमुळती.)

ही शेजारची बोट-टेल. मागचा भाग सात ते नऊ अंशांनी आत घेतलेला. गोळी हवेतून जाते तेव्हा तिच्या मागं कमी दाबाची पोकळी तयार होते आणि तिला मागं ओढते. शेपूट निमुळती केली की पोकळी लहान होते. फ्रेंच सैन्यानं 1898 च्या बाल-डी गोळीत हा आकार घेतला, स्विस लोकांनी 1911 च्या जीपी-11 मध्ये. आकार उत्तमच आहे. लांब जायचं असेल तर.

आवाजाच्या तिप्पट वेगानं निघालेल्या गोळीला सुरुवातीला जास्त अडवते ती टोकापुढची धक्कालहर. वेग उतरत गेला, आवाजाच्या वेगाजवळ आला, की मागच्या पोकळीचा वाटा वाढतो. 100 यार्डांवर गोळी तिथवर पोचतच नाही. म्हणजे बोट-टेलचा फायदा पदरात पडायच्या आत निशाण येऊन जातं. तोटा मात्र पहिल्या इंचापासून सुरू. सपाट बुडाच्या धारदार कडेवरून वायू तोडून बाजूला फेकला जातो. निमुळत्या शेपटीवरून तो घसरत पुढं जातो, आणि शेपटीत जरा जरी वाकडेपणा असला तरी तो चाचपून जातो. शिवाय सपाट बूड सारखं करायला सोपं. शेपटीचा कोन, तिची सुरुवात, तिचा शेवट, हे सगळं गोळीच्या अक्षाशी जुळवायचं म्हणजे कामं तीन आणि चुकायच्या जागाही तीन.

माझं मत विचाराल तर 200 यार्डांपर्यंत सपाट बुडाला तोड नाही. 1000 यार्डांच्या बेंचरेस्टमध्ये मात्र सगळे मुकाट बोट-टेलच भरतात, कारण तिथं वारा गोळीला कितीतरी वेळ ढकलत असतो. लापुआ कंपनीनं डी-46 गोळीत मधला मार्ग काढला: शेपूट निमुळती, पण ती सुरू होते तिथं एक पायरी. वायूला तुटायला धारदार कड मिळते आणि मागं निमुळतेपणाही राहतो. करायला अवघड, पण डोकं लावलंय.

सैन्याच्या साध्या गोळीत आणि स्पर्धेच्या गोळीत आणखी एक फरक आहे. सैन्याच्या गोळीचं तांब्याचं कवच टोकाला बंद आणि बुडाला उघडं असतं. शिसं मागून भरतात, कड आत मुडपतात. स्पर्धेच्या गोळीचं उलट. बूड अखंड बंद, आणि टोकाला बारीक भोक. नवख्याला वाटतं टोकाचं भोक कसल्यातरी खास कामासाठी. खरं तर सगळी काळजी बुडाची घेतली आणि जी काही उघडी बाजू राहायची ती टोकाकडं ढकलली, एवढंच.

(दृश्य: नवीन राजवाडा, बाहेरून.)

थोडं विषयांतर. 31 जुलै 1857 च्या रात्री कोल्हापुरात 27 व्या पलटणीनं उठाव केला. त्या वर्षीच्या एनफिल्ड काडतुसाची चरबी आपल्याला शाळेपासून पाठ आहे. त्यातल्या गोळीबद्दल कुणी बोलत नाही. ती बुडाकडून पोकळ होती. फ्रेंच कॅप्टन मिनिएनं 1849 मध्ये दाखवलेली युक्ती. बंदूक तोंडाकडून भरायची, म्हणून गोळी ढिली हवी. पण सुटताना ती बॅरलच्या पिळात घट्ट बसायला हवी. वायू पोकळीत शिरला की बूड फुलायचं आणि गोळी पीळ पकडायची. दातानं फाडायचा तो कागद आणि त्याच्यावरचं वंगण, दोन्ही ह्या ढिल्या गोळीसाठीच.

(दृश्य: दुधाळी. शूटिंग टेबलावर छऱ्यांचा गोल डबा. एक मुलगी चिमट्यानं एकेक छरा उचलून भिंगाखाली धरतेय.)

तीच युक्ती आज इथं रोज वापरली जाते. एअर रायफलचा 4.5 मिलिमीटरचा पेलेट. पुढं सपाट, कंबरेत बारीक, मागं पोकळ घेर. त्याला स्कर्ट म्हणतात. वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. शिसं इतकं मऊ की डबा हातातून पडला तरी स्कर्टची कड चेपते. हा बघा. पुढून पाहिलं तर शेजारच्यासारखाच. उलटा केला की दिसतं: गोल बिघडलाय, कड एका बाजूला आत गेलीय. तिनं तो वेगळ्या डबीत टाकला. सरावाला चालेल, मॅचला नाही. 10 मीटरवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

मुलगी: "आमचे सर म्हणतात, डबा हलवून वाजवायचा नाही. नव्या पोरांना तेच आवडतं."

निवेदन:

.22 च्या, म्हणजे 0.22 इंची गोळीच्या रायफलच्या, खेळात एवढंही हातात नसतं. गोळी काडतुसात बसवलेली; तिचं बूड काडतुसात शिरण्यापुरतं बारीक केलेलं, त्यामुळं ते दिसत नाही. परवान्याशिवाय काडतूस भरणं, बनवणं हा आपल्याकडं गुन्हा, त्यामुळं बेंचरेस्टवाल्यांसारखी घरी डाय लावायची सोय नाही, आणि तसा विचारही कुणी करू नये. नेमबाज निवडू शकतो तो लॉट. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं काडतूस, पण मशीनवरून वेगळ्या दिवशी उतरलेलं वेगळं वागतं. बर्मिंगहॅमची एली, लापुआ, ह्यांच्याकडं चाचणीचे बोगदे आहेत. रायफल शिकंज्यात आवळतात, एकेका लॉटच्या गोळ्या 50 मीटरवर मारतात, गट मोजतात. त्या बॅरलला जो मानवेल तो लॉट घ्यायचा, परवडतील तितके डबे. शेजारच्या पोराच्या रायफलला तोच लॉट भिकार जाऊ शकतो, म्हणून उसन्या सल्ल्यावर काडतुसं घेऊ नयेत असं इथले जुने नेमबाज सांगतात.

50 मीटरवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं. गोळी स्वतःच 5.6 ची. चांगला लॉट सापडला की नेमबाज डब्यावरचा नंबर वहीत लिहून ठेवतो आणि ते डबे मॅचसाठी कपाटात जातात. ते संपले की पुन्हा शिकंजा, पुन्हा पहिल्या गोळीपासून मोजणी.