जुनी गाडी घेताना : घरचा वापर आणि गाडीचा पूर्वेतिहास

(ठाण्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, सेकंड हँड गाडी घ्यायचे ठरले की घरात पहिला प्रश्न निघतो तो 'कोणत्या कंपनीची घ्यायची?' हा. माझे आयुष्य वर्कशॉपमध्ये गेल्यामुळे मलाही लोक भेटले की हेच विचारतात. त्याचे उत्तर मी आज देणार आहे, पण जरा उशिरा. एकाच कारखान्यातून एकाच महिन्यात बाहेर पडलेल्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या पाच-सहा वर्षांनी पाहिल्या तर त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडलेला असतो. एक नेरुळमध्ये छपराखाली उभी राहून दर वर्षी वेळेवर सर्व्हिसिंगला गेलेली असते. दुसरी तीन मालकांच्या हातून फिरलेली असते आणि तिच्यात तेल कधी बदलले हे तिघांपैकी एकालाही सांगता येत नाही. जुन्या गाडीचा भरवसा तिच्या पूर्वेतिहासावर आणि आपल्या घरच्या वापराशी ती कितपत जुळते यावर ठरतो, म्हणून आधी या दोन गोष्टींबद्दल बोलू.

आपल्या भागातल्या साधारण कुटुंबाचा वापर पाहा. नोकरी करणारी माणसे लोकलने जातात आणि गाडी सोमवार ते शुक्रवार सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते. आईवडिलांना डॉक्टरांकडे नेणे, सुट्टीच्या दिवशी नातेवाइकांकडे जाणे, अधूनमधून बाजारहाट, आणि वर्षातून दोन-तीनदा गावी, त्यातही गणपतीला कोकणात, एवढे तिचे काम. हे सगळे मिळून वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर होतात. इतक्या वापरासाठी डिझेल गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुरातील प्रदूषणाला मर्यादा घालणारी बीएस-६ मानके लागू झाली आणि त्यानंतरच्या डिझेल गाड्यांमध्ये धुरातील काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर आला. त्यात साठलेली काजळी जळून जाण्यासाठी गाडी काही वेळ न थांबता चांगल्या वेगात चालावी लागते. कासारवडवलीहून घोडबंदर रस्त्याने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत नौपाड्यापर्यंत येणाऱ्या गाडीला ती संधी मिळत नाही. फिल्टर चोंदत जातो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि फिल्टर बदलण्याची वेळ आली तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर हायवेवर फिरणाऱ्या माणसाचा हिशेब वेगळा. त्याने डिझेल अवश्य घ्यावी.

राहिले पेट्रोल आणि सीएनजी. इथे ॲव्हरेजचा आकडा लोकांच्या डोळ्यांवर फार येतो, म्हणून एक साधा हिशेब करू. वर्षाला आठ हजार किलोमीटर धरले, तर लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला सुमारे ५३३ लिटर पेट्रोल लागते आणि २० देणारीला ४००. फरक १३३ लिटरचा. हिशेबाच्या सोयीसाठी लिटरला १०० रुपये धरले तर वर्षाचे १३ हजार ३०० रुपये झाले. ही रक्कम लहान आहे असे मी म्हणणार नाही. परंतु झिजलेली क्लच प्लेट, रबरी बुश गेलेले सस्पेन्शन आणि चार टायर एकाच वर्षी बदलावे लागले, तर अशा दोन-तीन वर्षांची बचत एका फटक्यात संपते. इंधनात जास्तीत जास्त किती वाचेल हे कागदावर आधी मांडता येते, बिघाडात किती जाईल हे मात्र मांडता येत नाही, म्हणून किफायतशीर गाडी शोधताना मी सुस्थितीला ॲव्हरेजच्या वर ठेवतो.

रोज खारघरहून वागळे इस्टेटला गाडीनेच जाणाऱ्यांना सीएनजी निश्चित परवडते. महानगर गॅसचे पंप ठाणे आणि नवी मुंबईत आहेत, रांगेत थांबण्याची तयारी मात्र हवी. कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेली गाडी घ्यावी. बाहेरून किट बसवलेले असेल तर आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, त्याची नोंद आहे का, हे आधी पाहावे. सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते. तिची तारीख असलेली पट्टी आणि चाचणीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. शिवाय नेहमीच्या सीएनजी गाडीत सिलिंडर डिकीची बहुतेक जागा व्यापतो. गणपतीला पाच माणसे आणि त्यांचे सामान घेऊन निघणाऱ्या घराने याचा विचार टोकन देण्यापूर्वी करावा.

आता गाडी किती जुनी असावी? विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवताना तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घट धरतात. बाजारभाव नेमका तसाच उतरतो असे नाही, पण सर्वांत मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते हे खरे. दुसरी बाजू सुरक्षिततेची. जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारे एबीएस एप्रिल २०१९ पासून, तर चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीचे झाले. चालकाशेजारच्या एअरबॅगची सक्ती त्यानंतर आली. त्यामुळे एप्रिल २०२० नंतर तयार झालेली, म्हणजे बीएस-६ आणि २०१९ मध्ये सक्तीच्या झालेल्या या सोयी असलेली, गाडी शोधावी असे मी सुचवतो. उत्पादनाचा महिना आणि वर्ष आरसीवर छापलेले असते. विकणारा सांगतो ते पुष्कळदा पासिंगचे, म्हणजे आरटीओत नोंदणी झाल्याचे, वर्ष असते आणि दोन्हींत काही महिन्यांचे अंतर पडू शकते.

कंपनीच्या प्रश्नाकडे आता वळतो. ज्या गाडीचे सुटे भाग सहज मिळतात आणि जी आपल्या नाक्यावरच्या मिस्त्रीच्या हाताखालून रोज जाते, ती सांभाळायला स्वस्त पडते. मारुतीच्या वॅगनआर, स्विफ्ट, डिझायर, बलेनो, ह्युंदाईची ग्रँड आय-१०, होंडाची अमेझ यांची पेट्रोल इंजिने या कसोटीला उतरतात. या इंजिनांत टायमिंग बेल्टऐवजी चेन असते, त्यामुळे ठरावीक किलोमीटरनंतर बेल्ट बदलण्याचा खर्च येत नाही. मोठ्या कुटुंबाला अर्टिगा. परंतु गाडीत आपली मुले बसणार आहेत, म्हणून अपघात-चाचण्यांचे निकालही पाहावेत, असा माझा आग्रह आहे. गाड्यांच्या अपघात-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत टाटा नेक्सॉनला २०१८ मध्ये पाच तारे मिळाले, टियागोला २०२० मध्ये चार. वॅगनआरला २०१९ मध्ये दोनच मिळाले होते. ज्यांचा निम्मा वापर मुंबई-गोवा महामार्गावर होणार आहे, त्यांनी दोन किलोमीटरचे ॲव्हरेज सोडून पत्र्याची आणि सांगाड्याची मजबुती घ्यावी. शेव्हर्लेने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली आणि फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. या कंपन्यांच्या गाड्या स्वस्त मिळतात, त्यातल्या काही फार चांगल्याही आहेत. मात्र ज्याला ओळखीचा, त्या गाडीचा माहीतगार मिस्त्री नाही, त्याने त्या वाटेला जाऊ नये.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे पाण्यात बुडालेली गाडी ओळखणे. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला पूर आला, वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, आणि बदलापूर परिसरात इमारतींच्या पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला तेच घडले. अशा गाड्या धुऊन-पुसून, पॉलिश करून पुन्हा बाजारात येतात, आणि किंमत कमी ठेवलेली असल्यामुळे मध्यमवर्गीय माणूसच त्यांच्याकडे ओढला जातो. बाहेरून काही कळत नाही. म्हणून चालकाच्या पायाखालची रबरी मॅट काढा, दरवाज्याच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी मालकाची परवानगी घेऊन उचला आणि कार्पेटचा कोपरा वर करा. कार्पेटखालच्या फोममध्ये बोट दाबून पाहा. बारीक सुकलेला गाळ पिठासारखा बोटाला लागला, तर तिथेच व्यवहार थांबवा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. रोजच्या वापरात पट्ट्याचा शेवटचा हातभर भाग रिळावरच राहतो, धुणाऱ्याचा हात तिथे सहसा पोहोचत नाही, आणि मातीच्या पाण्याची तपकिरी रेघ तिथे शिल्लक राहते. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवर आणि बोल्टवर गंज, फ्यूज बॉक्समध्ये हिरवट थर, ही त्याच कहाणीची पुढची पाने. बुडालेल्या गाडीचे इंजिन दुरुस्त होते. वायरिंग मात्र वर्ष-दोन वर्षांनी एकेक करून दगा देऊ लागते.

खाडीकाठच्या भागात, म्हणजे वाशी, पाम बीच रस्ता, कोलशेत इथे उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाड्यांना खाऱ्या हवेचा त्रास होतो, म्हणून गाडी लिफ्टवर चढवून सायलेन्सर आणि सस्पेन्शनचे जोड पाहावेत. अपघाताची परीक्षा दरवाज्यात होते. दरवाज्याच्या चौकटीचे रबर जरा ओढले की खालच्या पत्र्यावर कारखान्यातल्या स्पॉट वेल्डचे गोल ठिपके ठरावीक अंतराने दिसतात; पत्रा कापून जोडला असेल तर ते गायब असतात किंवा पुट्टीखाली बुजलेले असतात. एखाद्या बंपरला रंग दिलेला असणे यात मला काही वावगे वाटत नाही. आपल्या रस्त्यांवर ते होणारच. पिलरला, म्हणजे छत पेलणाऱ्या खांबाला, दुरुस्तीचा हात लागलेला असेल तर मात्र गाडी कितीही स्वस्त असली तरी ती नको.

मीटर मागे फिरवणे हा प्रकार अजूनही सर्रास चालतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक भेटीला किलोमीटरची नोंद होते, तेव्हा मालकाला बरोबर घेऊन ती नोंद काढून घ्यावी. टायरवरचा चार अंकी आकडाही बोलका असतो. '२३२१' म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. २०२१ च्या गाडीला २०२४ चे चार टायर असतील आणि मीटरवर २० हजार किलोमीटर असतील, तर पहिले टायर इतक्यात का बदलावे लागले, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

गाडी चालवून पाहायला जाल तेव्हा इंजिन थंड असताना जा आणि तसे आधीच कळवा. गरम करून ठेवलेले इंजिन आपले दोष लपवते. सुरू होताना निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे, गरम झाल्यावरही थांबत नसलेला पांढरा धूर म्हणजे इंजिन थंड ठेवणारे कूलंट आत जात असल्याची शक्यता. क्लच तपासायला आपल्या इमारतींतला पार्किंगचा रॅम्प उत्तम. अर्ध्या चढावर गाडी थांबवा, पहिल्या गिअरमध्ये सावकाश उचला. इंजिनचा आवाज चढतो आणि गाडी मात्र रेंगाळते, जळका वास येतो, तर क्लचचा खर्च किमतीतून वजा करा. इतके करूनही शेवटी पाचशे-हजार रुपये देऊन विश्वासातल्या मिस्त्रीला गाडी दाखवावीच. विकणारा त्याला नकार देत असेल, तर पुढे बोलण्याचे कारण उरत नाही.

किंमत ठरवताना मालकाने गाडी कितीला घेतली होती हा आकडा बाजूला ठेवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला; तेव्हा तुलना आजच्या नव्या गाडीच्या ऑन-रोड, म्हणजे कर आणि विम्यासह पडणाऱ्या, किमतीशी करावी. आणि हाती पाच लाख असतील तर गाडी साडेचार लाखांपर्यंतचीच पाहावी. तेल, कूलंट, ब्रेक फ्लुइड, बॅटरी यांसाठी उरलेले पैसे पहिल्याच वर्षी लागतात.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. एमएच ०४ (ठाणे) किंवा एमएच ४३ (नवी मुंबई) पासिंगची, पहिल्या मालकाची गाडी मिळाली तर दुसऱ्या राज्याची एनओसी आणि कराचा व्याप वाचतो. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर मालकाचा क्रमांक, विम्याची मुदत आणि कर्जाचा बोजा दिसतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. प्रलंबित ई-चलान मालकाकडून आधी भरून घ्यावीत. हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, आणि विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करावा. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सवलत, जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही. आज इथे गाडी विकणारेही बसलेले असतील. त्यांच्यासाठी एवढेच, की आरसीवर ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार मालक, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेला आहे. म्हणून 'नाव नंतर करून घेतो' या तोंडी शब्दावर गाडी देऊ नये. चावी देताना दोघांच्या सहीची डिलिव्हरी नोट करावी आणि तिच्यावर तारखेबरोबर वेळही लिहावी, म्हणजे त्या दिवशी दुपारी सिग्नल कोणी मोडला याबद्दल नंतर वाद होणार नाही.