अमृता शेरगिलचे रंग

श्रोतेहो, नमस्कार. नाशिकच्या चित्रवेड्या मंडळींशी आज अमृता शेरगिलविषयी बोलायचं आहे.

३० जानेवारी १९१३ रोजी बुडापेस्टमध्ये तिचा जन्म झाला. वडील उमरावसिंग पंजाबातले शीख सरदार, संस्कृत-फारसीचे व्यासंगी; आई हंगेरीची, ऑपेरा गाणारी. बालपण हंगेरीत, १९२१पासून सिमल्यात आणि सोळाव्या वर्षी शिक्षणासाठी पॅरिस. तिथल्या सलोंमध्ये, म्हणजे मोठ्या वार्षिक कलाप्रदर्शनात, १९३३ साली 'यंग गर्ल्स' या चित्राला सुवर्णपदक मिळालं. तरी पुढच्याच वर्षाअखेर ती भारतात परतली.

१९३६च्या शेवटी तिनं अजिंठा पाहिला आणि तिथून दक्षिणेकडे गेली. त्यानंतरचं तिचं 'ब्रह्मचारी' हे चित्र बघा. सावळी उघडी अंगं, पांढरी जानवी, पांढरी धोतरं. पण तो पांढरा सरसकट एक नाही. कुठे पिवळट, कुठे राखाडी, कुठे मातीकडे झुकलेला. रंगाला रंगाशेजारी बसवून आकार उभा करायचा हे ती पॅरिसला शिकली. भडक न करताही रंग भरदार ठेवता येतो हे तिला अजिंठ्यानं दाखवलं. हे दोन्ही एकाच हातात आलं, म्हणून ते चित्र तिचं झालं. तिला अर्धी परदेशी ठरवून बाजूला सारतात, ते मला अजिबात पटत नाही.

कारण आपली लेणी तरी निव्वळ इथलीच कुठे आहेत? अजिंठ्यात गेरू आणि पिवळी माती इथली, काळा काजळीचा. पण निळा बनतो तो लाजवर्द दगडापासून, आणि तो दगड अफगाणिस्तानातून यायचा. लांब कशाला, आपल्या पांडवलेण्यांतलं १७ क्रमांकाचं लेणं उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनानं, म्हणजे ग्रीक वंशाच्या माणसानं, कोरवून घेतलं. तसा लेखच तिथे आहे. डोंगर चढून गेलात की तो जरूर शोधा.

५ डिसेंबर १९४१ रोजी लाहोरला अमृता गेली, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी. फार हळहळ वाटते. नुकता कुठे तिला आपला रंग गवसला होता.

गोदाघाटावर जलरंगात काम करणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींना एक सांगणं आहे. 'ब्रह्मचारी' दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहे. छापील प्रतीवर समाधान मानू नका, छपाईत ते पांढरे सगळे सारखेच दिसतात. मूळ चित्र बघायची संधी मिळाली तर सोडू नका. नमस्कार.