सकाळी दहाची वेळ

(बडोद्याच्या दांडिया बाजारात, नोकरी सुटलेल्या आणि नोकरी शोधणाऱ्या मंडळींसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मंडळी, नमस्कार.

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, म्हणजे जीआयडीसीत, एका कारखान्यात मी १९ वर्षं प्लॅनिंगला होतो. कारखाना बंद झाला तेव्हा माझं वय ४६. पुढची नोकरी लागायला १४ महिने गेले.

त्या काळातली सकाळ मला अजून आठवते. सहाला जाग यायचीच. कंपनीची बस सातला नाक्यावर यायची. आता ती येणार नव्हती, तरी सात वाजले की पोटात कालवायचं. मग मोबाईल घेऊन नोकरीच्या साइटवर बसायचो, आणि मान वर करावी तर साडेअकरा झालेले. अंघोळ राहिलेली. संध्याकाळी बायको शाळेतून यायची, सहज विचारायची, "आज काय केलंत?" मला सांगता यायचं नाही. लपवण्यासारखं काही नव्हतं, पण दिवस कुठे गेला ते खरंच आठवायचं नाही.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गाव आहे. तिथली कापडगिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव घरी बसलं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड हे समाजशास्त्राचे संशोधक आणि त्यांचे सहकारी १९३१-३२ मध्ये तिथे अभ्यासाला गेले. ४७८ कुटुंबं होती. त्यांनी पुरुषांना दिवसाचा तक्ता भरायला सांगितला, तर उठणं, जेवण, झोप यांपलीकडे फारसं काही लिहिता येईना. बहुतेकांनी खिशात घड्याळ ठेवणंही सोडलं होतं. खिडकीआडून पाहिलं तर पुरुष रस्त्यानं रेंगाळत, थांबत थांबत चालायचे. बायका मात्र भरभर चालायच्या, कारण त्यांच्या मागे घर होतंच. हे वाचलं तेव्हा मला आमच्या स्वयंपाकघराची लाज वाटली. मी घरी असून बायकोचं एक काम कमी झालं नव्हतं, उलट माझ्या दोन चहांची भर पडली होती. नोकरी गेलेल्या पुरुषांना मी हे मुद्दाम सांगतो: घरातलं एक काम पूर्णपणे आपल्याकडे घ्या. "मदत लागली तर सांग" हे नको. माझ्याकडे भाजी आणणं आणि संध्याकाळचा कुकर होता.

त्याच गावातली आणखी एक गोष्ट आम्हा बडोदेकरांना लागते. तिथल्या वाचनालयानं पुस्तकांची फी माफ केली, लोकांकडे वेळच वेळ, तरी दोन वर्षांत पुस्तकं नेणं जवळजवळ निम्म्यावर आलं. रिकामा वेळ आपोआप उपयोगी पडत नाही. याहोडांनी पुढे मांडलं, की पगाराशिवाय नोकरी आणखी काही देत असते: दिवसाला आखणी, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, चारचौघांच्या कामात वाटा, ओळख, आणि हातापायांना चालना. पगार गेला हे सगळ्यांना दिसतं. बाकीचं गेलेलं कळतच नाही, नुसतं खचल्यासारखं वाटतं.

मला यातून बाहेर काढलं ते एका वेळेनं. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून संस्थानभर मोफत वाचनालयं उभी केली. त्यातलं मध्यवर्ती वाचनालय आजही मांडवीजवळ आहे. शेजारच्या एका निवृत्त काकांना दिसायला कमी झालं होतं. त्यांना तिथे पेपर वाचून दाखवायचं मी कबूल केलं, सकाळी दहाला. काका पावणेदहालाच येऊन बसत, त्यामुळे मला जावंच लागे. दहाच्या आधी अंघोळ, दाढी, इस्त्रीचा शर्ट. मनाशी केलेले निश्चय मी रोज मोडत होतो, पण काकांना ताटकळत ठेवणं मला जमेना. म्हणून वेळापत्रक आखायच्या आधी मी एवढंच सुचवीन: दिवसात एक वेळ अशी ठेवा, की तुम्ही गेला नाहीत तर कोणाचं तरी अडेल.

बाकीचा दिवस त्या खुंटीला बांधता येतो. अर्जांना मी अकरा ते एक दिले. एक वही: तारीख, कंपनी, कोणाशी बोललो, पुन्हा फोन कधी. रात्री साइट उघडायची नाही, कारण रात्री केलेले ३० अर्ज सारखेच असतात आणि झोप घालवतात. उत्तर येणं आपल्या हातात नसतं. दोन नीट लिहिलेले अर्ज आणि एक फोन हातात असतो, तेवढा झाला की दिवसाचं काम झालं समजायचं. नोकरीसाठी आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. आणि रविवारी वही उघडायची नाही. तो दिवस अपराधी न वाटता घ्या.

फोन कोणाला करायचा? मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये दाखवलं, की ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी बहुतेकांना ती अधूनमधून भेटणाऱ्या माणसांकडून कळली होती. जिवलगांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. माझी नोकरी मला एका जुन्या सप्लायरच्या डिस्पॅचवाल्या भाईंनी सांगितली. लहेरीपुऱ्यात अचानक भेटले, "काय चाललंय?" म्हणाले. एरवी मी "चाललंय" म्हणून सटकत असे. त्या दिवशी खरं सांगितलं: कारखाना बंद झाला, नोकरी शोधतोय. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला.

घरीही पहिल्याच आठवड्यात खरं सांगा, म्हाताऱ्या वडिलांनासुद्धा. किती शिल्लक आहे, किती महिने पुरेल, कोणते हप्ते आहेत, सगळ्यांनी मिळून एका कागदावर मांडा. रोज डबा घेऊन निघणारी आणि कमाटी बागेत संध्याकाळ होईपर्यंत बसणारी माणसं मी पाहिली आहेत. तो भार नोकरी जाण्यापेक्षाही जड असतो.

झोप उडाली, जेवण जाईना, जगणं नकोसं वाटलं, तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. सरकारी आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो. आत्ताच मोबाईलमध्ये टाकून ठेवा, मी थांबतो.

काका आता नाहीत. पण पेपर ऐकायला आणखी दोघं येतात, आणि मला कामामुळे फक्त शनिवारी जमतं. सोमवार ते शुक्रवार वाचायला कोणी नाही. ज्यांना जमेल त्यांनी जाताना मला नाव सांगून जा. सकाळी दहाला.