सव्वीस किलोचा कट्टा

(उदगीर येथे एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

उदगीरला यायचं आणि १७६० च्या लढाईवर बोलायचं नाही, म्हणजे जरा धाडसच आहे. विषय विचारायला फोन आला तेव्हा मी 'विक्रीकर' म्हणालो आणि पलीकडं थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग आवाज आला, 'लोक बसतील ना?' तुम्ही बसलेले दिसताय. चहा भाषणानंतर ठेवलाय, त्याचाही हात असेल.

मी वकील नाही. लातूरला एका आडतीवर हिशोबाच्या पट्ट्या लिहिणारा पोरगा होतो. पुढं व्यापाऱ्यांची विक्रीकराची विवरणपत्रं भरून द्यायला लागलो आणि त्यातच केस पांढरे झाले. बाजारात सगळे 'वकीलसाहेब' म्हणतात. मीही कधी दुरुस्ती केली नाही. एवढ्या वर्षांत कुठल्या ना कुठल्या नव्या कराविरुद्ध व्यापाऱ्यांचे जे मोर्चे कलेक्टर कचेरीवर गेले, त्यातली बरीच निवेदनं माझ्या हातची. पहिलं वाक्य ठरलेलं: 'सर्वसामान्य ग्राहकाचे कंबरडे मोडणारा हा जाचक कर त्वरित मागे घ्यावा.' कर बदलले, निवेदनाचं वाक्य बदललं नाही. आणि एवढ्या मोर्च्यांत तो सर्वसामान्य ग्राहक मला एकदाही भेटला नाही. व्यापारी असत, दिवाणजी असत, पुढं चालायला हौशी पुढारी असत. ग्राहक आपला बंद दुकानापुढं पिशवी घेऊन उभा.

आज मला त्या पिशवीवाल्याबद्दल बोलायचंय. पण थोडं मागून येऊ.

तुमच्या पणजोबांच्या काळी विक्रीकर नव्हता. त्यांच्या वाट्याला करोडगिरी होती. निजामाच्या राज्यात माल सरहद्दीतून आत आला किंवा बाहेर गेला, की करोडगिरीच्या नाक्यावर थांबून जकात भरायचा. मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या कँपांतल्या पोरांनी जे हल्ले केले, त्यांत हे नाके होते. शिंदीची झाडं तोडली गेली, तीही नुसती व्यसनमुक्ती म्हणून नाही. शिंदीवरच्या महसुलातून निजामाच्या तिजोरीत जो पैसा जायचा, तो तोडायचा होता. मराठवाड्यानं करापायी केलेला सगळ्यात मोठा विरोध तो, आणि त्यात निवेदन नव्हतं. दर पाच टक्के की तीन, हा वादच नव्हता. घेणाराच आपला नाही, एवढं म्हणणं होतं.

घेणारा आपला झाल्यावर, १९५० साली, हैदराबाद राज्याचा विक्रीकर कायदा आला. तेव्हा उदगीर बीदर जिल्ह्यात होतं, हे इथल्या पोरांना सांगावं लागतं. १९५६ ला प्रांतरचना झाली, बीदर तिकडं म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं, उदगीर इकडं मुंबई राज्यात आलं. १ जानेवारी १९६० पासून मुंबईचा विक्रीकर कायदा इथं लागू झाला. दुकान तेच, गल्ला तोच, गिऱ्हाईक तेच. दहा वर्षांत कायदा मात्र दुसरा. त्या सरहद्दीचा हिशोब तुम्ही अजून करता. कर्नाटकातल्या कमलनगरकडं जाणारा ट्रकवाला दोन्हीकडचे दर बघूनच टाकी भरतो. कर जास्त की कमी हे त्याला कुणी व्याख्यानातून सांगावं लागत नाही.

आता २००५ ची गोष्ट. १ एप्रिलला विक्रीकराच्या जागी व्हॅट, म्हणजे मूल्यवर्धित कर आला. बंद झाले, घोषणा झाल्या. मी तेव्हा एका वयस्कर किराणा व्यापाऱ्याला विचारलं होतं, 'काका, दर तर फार वाढलेला नाही. काही मालावर उलट कमी झालाय. मग एवढं कशासाठी?' ते गादीवर मांडी घालून बसले होते. म्हणाले, 'पैशाचं काय हो, ते गिऱ्हाईकच देणार. पण मी कुणाकडून घेतलं न्‌ कुणाला दिलं, हे मी ह्यांना का दाखवू?'

सगळं त्यात आलं. व्हॅटमध्ये तुम्ही खरेदीवर भरलेला कर विक्रीच्या करातून वजा होतो. पण वजा करून घ्यायचा तर खरेदीचं पक्कं बिल लागतं. तुमचं पक्कं बिल म्हणजे समोरच्याची उघडी पडलेली विक्री. एकानं साखळीत हात घातला, की पुढचा-मागचा आपोआप दिसायला लागतो. कच्च्या चिठ्ठीवर चाललेल्या बाजाराला हे झोंबणारच. मी त्यांना दोष देत नाही. विक्रीकराच्या माणसानं दुकानात येऊन टेबलाचे खण उघडावेत, आणि गिऱ्हाइकासमोर मालकानं 'साहेब, साहेब' करत उभं राहावं, हा अपमान मी डोळ्यानं पाहिलाय. मोर्चाच्या फलकावर मात्र अपमान लिहिता येत नाही. तिथं ग्राहकाचं कंबरडं लिहावं लागतं.

एलबीटीचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला आठवत असेल. महापालिकांतली जकात काढून तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. जकात नाक्यावर ट्रकवाला भरायचा; एलबीटीसाठी दुकानदारानं वही ठेवायची आणि महापालिकेला हिशोब द्यायचा. म्हणजे वही बघणारं आणखी एक ऑफिस वाढलं. २०१३ ला राज्यभर दुकानं बंद राहिली. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आतली उलाढाल असणाऱ्यांचा एलबीटी गेला, म्हणजे जवळजवळ सगळ्यांचाच. शटर जिंकलं. महापालिकांचं उत्पन्न बुडालं, ते भरून काढायला शहरांत घर-जागा घेणाऱ्याच्या मुद्रांक शुल्कावर एक टक्का चढला. घर घेणाऱ्यानं मोर्चा काढल्याचं मी तरी ऐकलं नाही. तो कुठलं शटर ओढणार?

त्याच वर्षी दुसरा एक कर आला. त्याला तसा विरोध मला तरी दिसला नाही, आणि माझ्या मते व्हायला हवा होता तो त्यालाच.

१ ऑक्टोबर २०१५. पेट्रोल आणि डिझेलवर लिटरमागं दोन रुपये अधिभार. दारू, सिगारेट, सोनं यांवरही वाढ. कारण काय, तर दुष्काळ. म्हणजे आपला दुष्काळ. पुण्या-मुंबईची माणसं पंपावर आपल्या नावानं बोटं मोडत होती, 'मराठवाड्यासाठी आम्ही भरतोय' म्हणून. मराठवाडाही भरत होता हो! दोन रुपये लातूरच्या पंपावरही तेवढेच होते. आता हिशोब बघा. लातूरला नळाला पाणी नाही. टँकरवाला लांबच्या विहिरीवर जातो, त्याच्या डिझेलवर दुष्काळाचा अधिभार. तो अधिभार तो टँकरच्या दरात धरतो. टँकर कोण घेतं? ज्याच्या घरी पाणी नाही तो. म्हणजे दुष्काळासाठीचा कर भरणाऱ्यांत दुष्काळात होरपळणारा आला, आणि पाण्याच्या प्रत्येक टँकरमागं भरत राहिला.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मीही स्टेशनवर बघायला गेलो होतो. लोक वाघिणीला हात लावून बघत होते. त्याच वर्षी परतीचा पाऊस चांगला झाला, मांजरा धरण भरलं. दुष्काळ गेला. अधिभार पावसाबरोबर गेला नाही. पेट्रोल पंपालाही दार असतं म्हणा, पण ते पंपमालकाचं. दुचाकीवर शंभर रुपयांचं पेट्रोल टाकणाऱ्यानं ते बंद कसं करायचं? परभणीचं पेट्रोल राज्यात सगळ्यात महाग, असं पेपरात कितीदा छापून आलं. परभणीकर काय करतात? कात्रण व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात.

आता डाळीवर येतो. तुम्ही दाल मिलच्या गावची माणसं, चुकलो तर लगेच टोका.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. सुट्या आणि बिनब्रँडच्या धान्य-डाळींवर कर नाही; नोंदणी केलेल्या ब्रँडखाली पाकिटात विकलेल्या मालावर पाच टक्के. मिलवाल्यांनी काय करावं? ट्रेडमार्कची नोंदणीच रद्द करायला निघाले. दिल्लीही काही कच्ची नव्हती. नियम आला की १५ मे २०१७ रोजी जो ब्रँड नोंदलेला होता, तो पुढं रद्द केला तरी नोंदलेलाच धरायचा. मग बिननोंदणीच्या नावांचा प्रश्न निघाला. नावावर कोर्टात सांगता येईल असा हक्क असेल, तरी पाच टक्के. नको असेल तर आयुक्तांकडं प्रतिज्ञापत्र द्या की हा हक्क मी स्वखुशीनं सोडला, आणि प्रत्येक पाकिटावर, कट्ट्यावर म्हणजे पोत्यावर तसं छापा. न पुसणाऱ्या शाईनं. इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत.

एका मिलवाल्याला तो मजकूर मी मराठीत लिहून दिला. वडिलांच्या काळापासून कमावलेलं नाव, वर देवीचं चित्र, आणि त्याखाली न पुसणाऱ्या शाईत छापायचं की हे नाव आमचंच आहे असं आम्ही म्हणत नाही. तो कागद वाचून म्हणाला, 'वकीलसाहेब, लग्नपत्रिकेतच काडीमोड छापल्यासारखं झालं की हे.'

पाच वर्षं असं चाललं. मग जून २०२२ च्या शेवटी चंदीगडला जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि ब्रँडचा वादच मिटवला. १८ जुलैपासून ब्रँड असो नसो, आधीच पॅक करून लेबल लावलेला धान्य, डाळ, पीठ यांचा पंचवीस किलोपर्यंतचा कट्टा असेल तर पाच टक्के. दही, ताक, गूळ, मुरमुरे हेही पाकिटात असतील तर आले. १६ जुलैला देशभरच्या धान्य बाजारांनी बंद पुकारला. मी निवेदन लिहिलं. वाक्य तुम्हाला पाठ आहेच. या खेपेला ते वाक्य थोडंफार खरं होतं, एवढं सांगायला हवं.

कर काही मागं गेला नाही. पण बाजारानं वाट काढली. किलोला शंभरची डाळ धरा. पंचवीस किलोचा कट्टा अडीच हजाराचा, कर सव्वाशे. सव्वीस किलोचा कट्टा सव्वीसशेचा, कर शून्य. मग पंचवीसचा कट्टा शिवायचा कोण? सव्वीसचे आले, तीसचे आले. मोठ्या कट्ट्यात छोटी पाकिटं भरली तर चालेल का, असंही विचारलं गेलं. दिल्लीनं आधीच सांगून ठेवलं होतं, चालणार नाही. माझ्याकडं या काळात आलेली माणसं कायदा विचारत नव्हती, वजन विचारत होती.

दुकानदार कट्टा फोडून सुटी डाळ विकतो, त्यावर कर नाही, असंही सरकारनं सांगितलं. कागदावर बरोबर आहे. पण दुकानदारानं पंचवीसचा कट्टा आणला असेल, तर पाव किलो डाळ मागणाऱ्या म्हातारीच्या पुडीत तो कर आधीच मुरलेला असतो. बिलावर दिसत नाही, म्हणून तिला कळत नाही. मोठा कट्टा एकदम घेण्याची ऐपत असलेल्या घराला कर चुकवता येतो, पाच-पाच किलोची पिशवी घेणाऱ्याला येत नाही. हा कर ऐपत बघतो, पण उलट्या बाजूनं.

शेतकऱ्याचंही तसंच. त्याला जीएसटीची नोंदणी नाही, विवरणपत्र नाही. 'शेतकऱ्याला कर नाही' असं भाषणात म्हणता येतं. फवारणीच्या औषधावर अठरा टक्के. खतावर बारा लागणार होते. जीएसटी लागू व्हायच्या आदल्या दिवशी, ३० जून २०१७ ला, ते पाचवर आणले. नोंदणी असलेला व्यापारी खरेदीवरचा कर वजा करून घेतो. शेतकरी कुणाच्या नावानं वजा करणार? सोयाबीनचा भाव तर मोंढ्यात, धान्यबाजारात, समोरचा ठरवतो.

असल्याच एका बंदच्या दिवशी माझा चुलतभाऊ चार कट्टे तूर घेऊन लातूरला आला होता. पेरणी झाली होती, तणनाशकाला पैसे हवे होते. बंदची खबर गावात पोचली नव्हती. दारात हमालानं सांगितलं, 'मामा, आज काटा बंद हाय.' टेम्पोचं भाडं अंगावर पडलं. त्यानं मला फोन लावला, तेव्हा मी निवेदन घेऊन कलेक्टर कचेरीच्या पायऱ्यांवर होतो. मागं घोषणा चालल्या होत्या, त्याला ऐकू येतच असणार. मी म्हटलं, घरी जा, जेवून घे, मी येतोच. तो गेला नाही.

आणि एक राहिलं. सव्वीस किलोचे कट्टे सुरू झाल्यावर एका मिलच्या ओट्यावर मी बसलो होतो. एक ओळखीचा हमाल पाणी प्यायला आला. म्हणाला, 'साहेब, आमची हमाली कट्ट्यावर हाय. कट्टा पंचवीसचा असू दे न्‌ सव्वीसचा, दर तेवढाच.' मी खिशातला पेन काढला. शंभर क्विंटल माल पंचवीसच्या हिशोबानं चारशे कट्टे. सव्वीसच्या हिशोबानं तीनशे पंच्याऐंशीच्या आत. तीसच्या हिशोबानं तीनशे तेहतीस. वजन तेवढंच उचलायचं, पैसे मात्र चारशेऐवजी तीनशे तेहतीस कट्ट्यांचे. त्यानं हे मनातल्या मनात केव्हाच केलेलं होतं. मी आकडा सांगितल्यावर नुसती मान हलवली.

व्यापाऱ्यांच्या पुढच्या बैठकीत मी तो मुद्दा काढला. म्हटलं, निवेदनात हमालीच्या दराचंही एक वाक्य घालू. सगळे क्षणभर गप्प झाले. मग गादीवरून एक जण म्हणाला, 'तो विषय वेगळाय, वकीलसाहेब.'