गव्हर्नर ते ईसीयू : इंजिनाचे फेरे किती वाढवावेत

उद्यमनगरातल्या कारखान्यांत ज्यांनी उमेदीची वर्षे घालवली, त्यांना गव्हर्नर म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. शेतावरच्या ऑइल इंजिनात फिरणारी वजने, इंजिन मिनिटाला नेमलेल्या १५०० फेऱ्यांच्या वर जाऊ लागले की बाहेर फेकली जातात आणि डिझेल सोडणाऱ्या पंपाचा रॅक, म्हणजे डिझेलचे माप ठरवणारी दांडी, मागे ओढून डिझेल आवरतात. रॅक अडकून सुटलेले इंजिन ज्याने एकदा पाहिले आहे आणि हवेच्या तोंडावर गोणपाट दाबायला जो धावला आहे, तो फेऱ्यांची मर्यादा कधी हलकी घेत नाही. समोर बसलेल्या तरुण मंडळींच्या गाड्यांत हेच काम ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, करतो. गव्हर्नरची स्प्रिंग बदलायची तर इंजिन उघडावे लागे आणि उघडताना आतले सगळे दिसे; ईसीयूतला आकडा मात्र बॉनेट न उघडताही बदलता येतो.

“काका, लिमिटर किती वर नेता येईल?” हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. लिमिटर म्हणजे ईसीयूतली फेऱ्यांची कमाल मर्यादा. त्यावर मी उलट विचारतो, की स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, किती आहे, पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड कोणता आहे, त्याचे बोल्ट शेवटचे कधी बदलले आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कोणत्या आहेत. यातले काहीच ठाऊक नसेल, तर कंपनीने घातलेला आकडा हाच त्या गाडीचा आकडा.

हिशेब करून पाहू. एस्टीम आणि जिप्सी या गाड्यांत आलेल्या मारुतीच्या १२९८ सीसी इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ आणि स्ट्रोक ७५.५ मिलीमीटर आहे. स्ट्रोकची दुप्पट करून फेऱ्यांनी गुणले आणि ६० ने भागले की पिस्टनचा सरासरी वेग मिळतो. ६५०० फेऱ्यांना तो सेकंदाला १६.४ मीटर येतो, ७५०० ला १८.९. होंडा सिटीच्या ज्या दीड लिटर इंजिनाचा स्ट्रोक ८९.४ मिलीमीटर आहे, त्यात ७००० फेऱ्यांनाच हा वेग २०.९ मीटरवर जातो. म्हणून मित्राच्या गाडीतला आकडा उचलून आपल्या गाडीत घालणे हे दुसऱ्याच्या चष्म्याने वाचण्यासारखे आहे.

सरासरी वेगापेक्षाही महत्त्वाचा आहे तो पिस्टन वरच्या टोकाला पोचून उलट फिरतानाचा झटका, कारण तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्याच १२९८ सीसी इंजिनात रॉडची लांबी १२० मिलीमीटर धरली आणि पिस्टन, पिन व रिंगा यांचे वजन मिळून ३५० ग्रॅम धरले, तर ६५०० फेऱ्यांना रॉडला वरच्या टोकाशी सुमारे ८२० किलोची ओढ बसते, आणि ७५०० फेऱ्यांना तीच ओढ सुमारे १०९० किलो होते. फेरे वाढले पंधरा टक्के आणि ओढ वाढली तेहतीस टक्के. यात रॉडचे स्वतःचे वजन मी धरलेलेच नाही. एक्झॉस्टच्या स्ट्रोकच्या शेवटी, जेव्हा पिस्टनवर जळत्या वायूचा दाब नसतो, तेव्हा ही सगळी ओढ रॉडच्या दोन बोल्टांवर येते, आणि ६५०० फेऱ्यांना ती सेकंदाला ५४ वेळा येते. जादा हवा कोंबणारा टर्बो बसवून टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळण्याचा जोर, वाढवला तर रॉड दाबाने वाकतो. फेरे वाढवले तर तो ताणाने तुटतो. हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत.

हे मी शिकलो ते एका तुटलेल्या इंजिनावरून. एका मुलाच्या गाडीचे हाफ इंजिनचे काम आम्ही केले होते, रिंगा आणि बेअरिंगे नवी घातली होती; पण रॉडचे बोल्ट दिसायला चांगले होते म्हणून तेच परत आवळले. त्याने आग्रह धरला आणि मी लिमिटर ७५०० वर नेऊन दिला. ट्रॅकवर तिसऱ्याच फेरीत, सरळ पट्ट्याच्या शेवटी बोल्ट तुटला आणि रॉडने ब्लॉकला खिडकी पाडली. तेल टायरवर उडून गाडी घसरली. मुलाला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, पण तो दिवस मी विसरलेलो नाही, कारण तो निर्णय माझा होता.

त्याहून वाईट हे, की त्या वाढीव हजार फेऱ्यांचा उपयोग काहीच नव्हता. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट आणि हवा आत घेणारे व धूर बाहेर सोडणारे मार्ग (इनटेक आणि एक्झॉस्ट) मूळचेच असतील, तर एका टप्प्यानंतर सिलिंडर पुरता भरत नाही, टॉर्क झपाट्याने उतरतो आणि त्यामागोमाग पॉवरही उतरते. पॉवर ६००० ला शिखरावर येत असेल, तर पुढचा गिअर टाकल्यावर फेरे शिखराच्या जवळ पडावेत म्हणून तीन-चारशे फेरे वर जाणे समजण्यासारखे आहे. त्याच्यापुढे नुसता आवाज वाढतो. डायनोचा, म्हणजे इंजिनाची पॉवर मोजणाऱ्या यंत्राचा, आलेख काढल्याशिवाय लिमिटरला हात लावू नये, असे मी म्हणतो ते यासाठी.

फेरे वाढले की स्प्रिंगांची ताकद अपुरी पडते, व्हॉल्व्ह कॅमच्या मागे राहतात आणि अनेक इंजिनांत ते थेट पिस्टनला भेटतात. शिवाय इंधन द्यायला वेळ कमी उरतो. एका सिलिंडरचे चक्र ६००० फेऱ्यांना २० मिलीसेकंदांत पुरे होते आणि ८००० ला १५ मिलीसेकंदांत. पेट्रोल फवारणारा इंजेक्टर त्यातला पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक वेळ उघडा ठेवावा लागत असेल, तर तो लहान पडतो आहे असे समजावे.

इंधनाबद्दल ऊसपट्ट्यातल्या आपण मंडळींनी तरी जागरूक असायला हवे. आता पंपावर येणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाच्या १४.७ पट हवा लागते. वीस टक्के इथेनॉल मिसळले की हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला वजनाने आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवे. मंद चालीत ऑक्सिजन सेन्सर ही तूट भरून काढतो. पूर्ण थ्रॉटलवर बहुतेक ईसीयू त्याचे ऐकत नाहीत आणि मॅपमधल्या, म्हणजे आत आधीच भरलेल्या तक्त्यातल्या, आकड्यांवरच चालतात. जुन्या पेट्रोलवर बसवलेला मॅप तसाच राहिला, तर वरच्या फेऱ्यांत मिश्रण कोरडे पडते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि पिस्टन तापतो. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो, नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकून होणारी ठोकर) कमी होते, हे खरे आहे. पण त्या भरवशावर स्पार्क पुढे ओढताना, म्हणजे ठिणगी आधी पाडताना, हवा-इंधनाचे प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर बसवून त्याची नोंद (लॉग) पाहिलीच पाहिजे.

लिमिटर इंधन तोडतो की स्पार्क, हेही विचारून घ्यावे. रस्त्यावरच्या गाडीत इंधन तोडावे, कारण स्पार्क तोडला तर न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि त्याची आतली जाळी वितळते. चुकीच्या गिअरपुढे मात्र कोणताही लिमिटर हतबल आहे. चौथ्यात ६००० फेऱ्यांवर असताना तिसऱ्याऐवजी दुसरा पडला, तर चाकेच इंजिनाला ११-१२ हजारांवर ओढून नेतात, आणि तेव्हा ईसीयू फक्त नोंद करतो.

रस्त्यावर चालवण्याच्या गाडीत नोंदणीच्या कागदांवर असलेल्या तपशिलापेक्षा वेगळे काही करायला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आड येते, हे ध्यानात ठेवा. मी बोलतो आहे ते ट्रॅकवरच्या गाड्यांविषयी.

त्या मुलाचे इंजिन आम्ही दुसऱ्या ब्लॉकवर पुन्हा बांधले. फोर्ज केलेले रॉड, नव्या स्प्रिंगा आणि वेगळा कॅम घातला, डायनोवर पॉवर ६४०० ला शिखरावर आली, आणि रॉड त्याहून बरेच जास्त पेलू शकत असतानाही लिमिटर ६८०० वर बांधला. तेल ८० अंशांवर जाईपर्यंत लिमिटर ४५०० वरच थांबवतो, आणि रॉडचे बोल्ट दर हंगामाच्या आधी मी स्वतः मोजतो. त्यांची लांबी नव्या बोल्टपेक्षा जराही वाढलेली दिसली, तर ते पुन्हा आवळले जात नाहीत.