पाहुणं म्हणून आलेलं मूल आणि घरातलं मूल

नमस्कार, श्रोतेहो.

आईवडील हयात असूनही काही मुलांना त्यांच्याजवळ राहता येत नाही. कुणाची आई दीर्घ आजारात असते, कुणाचे वडील तुरुंगात, तर कुणाच्या घरात मारहाण इतकी की अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीलाच मुलाला तिथून बाहेर काढावं लागतं. अशा मुलाला बालगृहाऐवजी दुसऱ्या कुटुंबात ठेवायची सोय बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ४४ मध्ये आहे. हे दत्तक नाही. आईवडील सांभाळायला समर्थ झाले की मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकतं. महाराष्ट्रातली बालसंगोपन योजना अनेकांना माहीत आहे; तिच्यात महिन्याला २,२५० रुपये मिळतात आणि मूल बहुधा एकट्या आईकडे किंवा आजीकडेच राहतं. आज आपण बोलणार आहोत ते नात्यात नसलेल्या घरी आलेल्या मुलाबद्दल. अशा घराला प्रतिपालक कुटुंब म्हणतात; त्यासाठी केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे.

अशा घराचा मुलावर काय परिणाम होतो, याचा सगळ्यात काटेकोर अभ्यास रोमानियात, बुखारेस्ट शहरात झाला. २००० सालाच्या सुमारास तिथल्या अनाथालयांमधली ६ ते ३१ महिन्यांची १३६ बालकं अमेरिकी संशोधकांनी निवडली. चिठ्ठी टाकावी तसं ठरवून निम्म्यांसाठी प्रतिपालक कुटुंबं शोधली. बाकीची तेव्हाच्या नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. साडेचार वर्षांची झाल्यावर बुद्धिमापन चाचणीत संस्थेच्या गटाची सरासरी ७३ आली, कुटुंबात गेलेल्यांची ८१ आणि जन्मापासून स्वतःच्या घरी वाढलेल्या मुलांची १०९. घर मिळाल्याने मुलं सावरली, पण गेलेलं सगळं भरून आलं नाही. दोन वर्षांची होण्याआधी ज्यांना घर मिळालं, ती जास्त सावरली. पुढे आठव्या वर्षी आणखी एक गोष्ट दिसली: जी मुलं पहिल्याच प्रतिपालक घरात टिकून राहिली, त्यांचे गुण घर बदललेल्या मुलांपेक्षा चांगले होते. रोमानियाने २००५ पासून दोन वर्षांखालच्या बाळांना संस्थेत ठेवणं कायद्यानेच जवळजवळ बंद केलं.

तेव्हा मुलाला घर मिळालं की काम झालं असं समजू नका. ते घर टिकायला हवं. आणि घरं मोडतात ती बहुतेक वेळा आधी ओळखता येतील अशाच कारणांनी.

पहिले काही आठवडे मूल फार शहाण्यासारखं वागतं. सांगितलं ते ऐकतं, ताट स्वतः उचलतं, काही मागत नाही. घरचे म्हणतात, रुळलं हो. खरं तर ते अजून पाहुणं असतं. पुढे ते उलट बोलू लागतं, वस्तू फेकतं, खोटं बोलतं. ‘एवढं करून हेच का फळ?’ असं वाटून नेमकं याच सुमाराला लोक मूल परत न्यायला सांगतात. पण आता इथून हाकलतील का, हे मूल तपासत असतं. हाकललं, तर त्याची भीती खरी ठरते आणि पुढच्या घरात ते आणखी लवकर तपासू लागतं. म्हणून नियम दोन-तीनच ठेवा, ते रोज सारखे ठेवा, आणि ‘परत पाठवीन’ ही धमकी कितीही राग आला तरी तोंडातून काढू नका.

उशीखाली पोळी सापडेल, दप्तरात बिस्किटं सापडतील. उपाशी राहिलेल्या मुलाच्या दृष्टीने तो शहाणपणाच असतो. त्याला चोर म्हणू नका. शेंगदाणे, चणे, चुरमुरे असा एक डबा त्याच्या हाताला येईल तिथे ठेवा, तो तुझाच आहे असं सांगा आणि रिकामा झाला की न बोलता भरा. जेवणाच्या वेळा मात्र पाळा. अंथरूण ओलं होत असेल तर गादीवर रबरी कापड घाला, चादर बदलताना कुणासमोर वाच्यता करू नका आणि डॉक्टरांना दाखवा. पहिल्याच महिन्यात डोळे, कान, दात, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासून घ्या. ‘हाक मारली तरी लक्ष देत नाही’ अशी तक्रार असलेल्या मुलाला कधी कधी कमी ऐकू येत असतं.

शाळेचं काम लांबवू नका. वय ६ ते १४ असेल तर शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला किंवा जन्माचा पुरावा नाही, एवढ्यावरून शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रवेश नाकारता येत नाही.

आता सगळ्यात नाजूक विषय, आईवडिलांच्या भेटीचा. समितीने मनाई केली नसेल तर आईवडील ठरावीक काळाने मुलाला भेटू शकतात. भेटीनंतर मूल दोन-तीन दिवस रडतं, चिडतं, जेवत नाही. भेटच नको, असं आपल्याला वाटतं. पण ते रडणं पुन्हा ताटातूट झाल्याचं असू शकतं, आणि भेटी तोडल्या की मूल मनातल्या मनात स्वतःलाच दोष देऊ लागतं. भेटीनंतरचा दिवस मोकळा ठेवा, त्या दिवशी पाहुणे नकोत, परीक्षेचा तगादा नको. मूल भेटीला घाबरत असेल, अंगावर खुणा दिसल्या, धमकी दिल्याचं कळलं, तर मात्र तारखेसह लिहून समितीला लगेच कळवा. भावंडं वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर त्यांचा फोन दर आठवड्याला ठरलेल्या वारी व्हावा. राखीला, भाऊबीजेला प्रत्यक्ष भेट मागून घ्या.

‘आई कधी येणार?’ असं विचारलं तर ‘गावाला गेलीय, येईल’ असं सांगू नका. ‘मला माहीत नाही, समितीची तारीख आली की आपण विचारू’ हे उत्तर खरं आहे, म्हणून मुलाला झेपतं. तुम्हाला काय म्हणायचं ते त्याला ठरवू द्या. काका-काकू पुरे, आई-बाबा म्हणायची सक्ती नको. नाव, आडनाव, घरची भाषा बदलू नका. शेजारी विचारतील ‘हा कोण?’ तेव्हा द्यायचं एक वाक्य मुलाशी बोलून आधीच ठरवा. आणि घरच्या मुलाला जेवढं काम सांगता त्याहून एक पेलाही जास्त विसळायला लावू नका. असं मूल घरगड्यासारखं राबवलं जाण्याचा धोका खरा आहे. दर महिन्याला प्रतिपालक घराची तपासणी करण्याचं बंधन कायद्याने समितीवर घातलंय, त्यामागे हीच काळजी आहे.

परत जायची वेळ येईल. ती आदल्या रात्री सांगू नका. आधी दिवसभराची भेट, मग एक मुक्काम, मग दोन-तीन दिवस, असं करत न्या. कपडे, वह्या, फोटो, लसीकरणाचं कार्ड चांगल्या पिशवीत भरून द्या आणि नंतर फोन करायची परवानगी मागून ठेवा.

कुणाला हे करावंसं वाटत असेल तर आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात चौकशी करा. होकार देण्याआधी चार गोष्टी विचारा: मूल किती काळासाठी आहे, भेटी कधी आणि कुठे, औषधपाणी काही चालू आहे का, आणि रात्री अडचण आली तर फोन कुणाला करायचा. उत्तरं लेखी घ्या. संकटातल्या कुठल्याही मुलासाठी १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

नमस्कार.