मैदानाची राणी : लारिसा

अथेन्सहून थेस्सलोनिकीकडे जाणारा महामार्ग निम्म्याहून अधिक अंतर कापल्यावर एका विस्तीर्ण सपाटीवर येतो. गहू आणि कापूस पिकवणारा हा प्रदेश म्हणजे थेसली, आणि त्याच्या मध्यभागी, पिनिओस नदीच्या काठी वसलेले शहर म्हणजे लारिसा. रेल्वे आणि रस्ता हे दोन्ही याच सपाटीवरून पुढे जातात आणि ऑलिम्पस व ओसा या पर्वतांमधल्या टेंपेच्या चिंचोळ्या दरीतून उत्तरेकडे निघतात. ग्रीसच्या नकाशावरचे हे स्थान प्रेक्षकांनी ध्यानात ठेवावे. लारिसाच्या फुटबॉल संघाच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या वर्षी त्याला फार महत्त्व आले.

या सपाट मुलखाला ग्रीक लोक ‘कांपोस’ म्हणतात आणि लारिसाच्या फुटबॉल संघाला ‘कांपोसची राणी’. मराठीत आपण तिला मैदानाची राणी म्हणू शकतो, आणि हे भाषांतर मूळ नावापेक्षाही अधिक काही सांगून जाते, कारण शेतांची सपाटी आणि खेळाचे पटांगण या दोन्हींसाठी आपल्याकडे एकच शब्द आहे.

लारिसाच्या संघाचा जन्म 1964 साली विलीनीकरणातून झाला. इराक्लिस, आरिस, टोक्सोटिस आणि लारिसाइकोस हे शहरातले चार क्लब एकत्र आले आणि ‘आथ्लिटिकी एनोसी लारिसास’, म्हणजेच लारिसाचा क्रीडासंघ, उभा राहिला. गडद लाल आणि पांढरा हे रंग ठरले, आणि बोधचिन्ह म्हणून उधळलेला घोडा निवडला गेला. ही निवड अगदी स्वाभाविक होती, कारण प्राचीन काळी थेसलीचे घोडे आणि घोडेस्वार साऱ्या ग्रीसमध्ये नावाजलेले होते आणि सिकंदराचा ब्युसेफॅलस हा घोडाही थेसलीचाच मानला जातो. 1973 मध्ये संघाने प्रथमच सर्वोच्च श्रेणीत प्रवेश केला, आणि नदीकाठच्या आल्काझार मैदानावर अथेन्सचे बडे संघ खेळायला येऊ लागले.

परंतु ग्रीक फुटबॉलमध्ये सर्वोच्च श्रेणीत पोहोचणे आणि तेथे विजेते होणे यांत फार मोठे अंतर आहे. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा 1920 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली, आणि तेव्हापासून आजवर केवळ सहा क्लबांनी ती जिंकली आहे. पिरेअसचा ऑलिम्पियाकोस, अथेन्सचे पानाथिनाइकोस आणि एईके, थेस्सलोनिकीचे पीएओके आणि आरिस हे त्यांपैकी पाच. पैसा, वृत्तपत्रे, खेळाडू आणि सत्ता या गोष्टी ज्या दोन महानगरांत एकवटलेल्या आहेत, त्यांच्याच परिघातले हे पाचही क्लब आहेत. सहावे नाव लारिसाचे आहे.

1988 चा हा विजय एकाएकी हाती आलेला नव्हता, हे येथे आवर्जून सांगायला हवे. बहुतांशी थेसलीतल्याच मुलांतून घडवलेला एक संघ 1980 च्या दशकात वर्षानुवर्षे एकत्र खेळत होता. 1982 मध्ये तो ग्रीक चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि पानाथिनाइकोसकडून हरला. 1983 मध्ये साखळी स्पर्धेत त्याने दुसरे स्थान मिळवले. 1984 मध्ये पुन्हा चषकाचा अंतिम सामना, पुन्हा पानाथिनाइकोस आणि पुन्हा पराभव. त्या वर्षी पानाथिनाइकोसने दोन्ही विजेतेपदे मिळवल्यामुळे युरोपीय चषकविजेत्यांच्या स्पर्धेत उपविजेत्या लारिसाला स्थान मिळाले, आणि तेथे हा संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. मॉस्कोच्या डायनॅमोविरुद्ध घरचा सामना गोलशून्य राहिला आणि परतीच्या सामन्यातील एकमेव गोलाने लारिसाची वाटचाल थांबली. त्याच मोसमाच्या शेवटी, 1985 च्या उन्हाळ्यात, चषकाच्या तिसऱ्या अंतिम सामन्यात लारिसाने पीएओकेला 4-1 असे हरवले. चार वर्षांत तीन अंतिम सामने खेळलेल्या या संघाच्या हाती अखेर पहिला मोठा करंडक आला.

1984 च्या अंतिम सामन्यात पानाथिनाइकोसचे प्रशिक्षक होते यात्सेक ग्मोख. 1978 च्या विश्वचषकात पोलंडच्या राष्ट्रीय संघाची धुरा सांभाळलेला हा माणूस शिस्तीचा आणि बारकाईने आखणी करणारा म्हणून ओळखला जात असे. ज्याने लारिसाला चषकापासून दूर ठेवले, त्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली लारिसाने 1987-88 चा मोसम खेळला. गोलजाळ्यात योर्गोस प्लित्सिस, बचावात योर्गोस मित्सिबोनास, मधल्या फळीत चेंडूवर विलक्षण हुकूमत असलेला वासिलिस काराप्यालिस आणि पुढे मिखालिस झिओगास, असा हा संघ गुणतक्त्यात वर सरकत गेला.

मग घात झाला. पानाथिनाइकोसविरुद्धच्या सामन्यानंतर लारिसाचा बल्गेरियन खेळाडू गिओर्गी त्सिंगोव्ह याच्या उत्तेजक चाचणीत कोडीन आढळले. कोडीन हे खोकल्यावरच्या औषधांत सर्रास वापरले जाणारे द्रव्य आहे. तरीही त्या वेळच्या नियमानुसार शिक्षा एकट्या खेळाडूपुरती थांबली नाही आणि संघाचे गुण कापले गेले. सामना जिंकल्यास दोनच गुण मिळण्याच्या त्या काळात अशा कपातीचा अर्थ विजेतेपद हातचे जाणे असाच होता.

लारिसाचे लोक रस्त्यावर उतरले. हजारोंच्या जमावाने महामार्ग आणि लोहमार्ग रोखून धरले, आणि अथेन्स व थेस्सलोनिकी यांच्यातील संपर्क तुटून देशाचे अक्षरशः दोन तुकडे झाले. या आंदोलनाला केवळ फुटबॉलवेड म्हणणे अन्यायाचे ठरेल, असे आम्हाला वाटते. थेसलीचा प्रदेश 1881 मध्ये ग्रीसमध्ये सामील झाला तरी जमिनी मोठ्या जमीनदारांच्याच हाती राहिल्या. 1910 च्या मार्चमध्ये लारिसाजवळच्या किलेलेर येथे जमिनीचा हक्क मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, आणि त्या दिवसाची आठवण आजही तेथे पाळली जाते. आपल्या मागण्यांसाठी याच महामार्गावर ट्रॅक्टर आणून उभे करण्याचा थेसलीच्या शेतकऱ्यांचा परिपाठ आजतागायत चालू आहे. राजधानीत झालेला निर्णय आपल्या मुळावर येतो, ही भावना या सपाटीवर फुटबॉलच्या कितीतरी आधीपासून नांदत होती. 1988 मध्ये तिला गडद लाल रंग मिळाला. अखेरीस सरकार नमले, अशा प्रकरणात संघाऐवजी खेळाडूलाच शिक्षा व्हावी असा बदल करण्यात आला आणि कापलेले गुण परत मिळाले.

1 मे 1988 रोजी आल्काझारवर थेस्सलोनिकीच्या इराक्लिसशी सामना होता. लारिसाचा संघ ज्या चार क्लबांतून घडला त्यांपैकी एकाचेही नाव इराक्लिसच होते. 87 व्या मिनिटाला मित्सिबोनासने गोल केला, सामना 1-0 असा सुटला आणि अजिंक्यपद निश्चित झाले. हा गोल ज्याने केला तो मित्सिबोनास 1997 मध्ये मोटार अपघातात गेला. लारिसात त्याचे नाव आजही त्या 87 व्या मिनिटासह घेतले जाते.

पुढच्या मोसमात युरोपीय चषकात स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल झामाक्सशी गाठ पडली. दोन्ही संघांनी आपापल्या घरी 2-1 असा विजय मिळवला आणि पेनल्टीवर लारिसा बाहेर पडली. त्यानंतर चांगले खेळाडू एकेक करून मोठ्या क्लबांकडे गेले, काराप्यालिस ऑलिम्पियाकोसकडे गेला, आणि 1996 मध्ये सर्वोच्च श्रेणीतले स्थानही गेले. आर्थिक ओढाताणीत क्लब तिसऱ्या श्रेणीपर्यंत घसरला.

2005 मध्ये लारिसा परतली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 5 मे 2007 रोजी, योर्गोस डोनिस यांच्या मार्गदर्शनाखाली संघ पुन्हा चषकाच्या अंतिम सामन्यात उतरला. सामना शेजारच्या वोलोस शहरात, म्हणजे थेसलीतच, आणि समोर पानाथिनाइकोस. 1982 आणि 1984 च्या पराभवांचे साक्षीदार असलेल्या लोकांना या वेळी 2-1 असा विजय पाहायला मिळाला. त्याच वर्षी युएफा चषकात इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सला दोन सामन्यांत मिळून मागे टाकून लारिसाने गटफेरी गाठली. तेथे मात्र चारही सामने गमावले.

2010 मध्ये शहरात सुमारे 16 हजार आसनांचे नवे स्टेडियम उघडले, आणि दुर्दैव असे की त्याच मोसमाअखेर संघ खालच्या श्रेणीत गेला. पुन्हा तिसरी श्रेणी, 2016 मध्ये पुनरागमन, 2021 मध्ये पुन्हा घसरण. 2025 मध्ये दुसऱ्या श्रेणीतील आपला गट जिंकून लारिसाचा घोडा पुन्हा एकदा ग्रीसच्या सर्वोच्च स्पर्धेत दाखल झाला. 1988 नंतरची सारी अजिंक्यपदे या काळात अथेन्स, पिरेअस आणि थेस्सलोनिकी यांच्याकडेच गेली आहेत.